जुन्या होम कॉम्प्युटरवरची अक्षरचित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम आणि बीबीसी मायक्रो या तीन मशीनपुरतं आहे, कारण येणारे बहुतेक प्रश्न याच तिघांबद्दल असतात. बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत द्यायच्या.

१. अक्षरचित्र म्हणजे नेमकं काय?

मजकुराची स्क्रीन ठरावीक घरांमध्ये विभागलेली असते. कमोडोर ६४ आणि बीबीसीच्या मोड ७ मध्ये (मोड म्हणजे स्क्रीनचा प्रकार) ४० × २५ घरं, स्पेक्ट्रमवर ३२ × २४. प्रत्येक घरात एक अक्षर बसतं. काही मशीनच्या अक्षरसंचात अ-ब-क सोबत रेघा, कोपरे, ठोकळे, गोळे, बदाम अशी चिन्हंही असत. ती शेजारीशेजारी मांडून काढलेलं चित्र म्हणजे अक्षरचित्र. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूरच असतो, म्हणून प्रिंट आज्ञेनेच स्क्रीनवर येतो.

२. सुटे ठिपके पेटवता येत असताना हा खटाटोप कशाला?

मेमरीसाठी आणि वेगासाठी. कमोडोर ६४ वर मजकुराची स्क्रीन १००० बाइटांत मावते. ३२० × २०० ठिपक्यांचं चित्र ८००० बाइट खातं. बीबीसी मायक्रोच्या ३२ केबी मेमरीतले २० केबी मोड ०, १ किंवा २ निवडला की स्क्रीनलाच जातात, तर मोड ७ एका केबीत भागवतो. कमोडोरच्या एक मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला आठ बाइट हलवण्यापेक्षा एक बाइट हलवणं केव्हाही परवडतं. त्यात कमोडोर ६४ च्या बेसिकमध्ये रेघ किंवा वर्तुळ काढायची आज्ञाच नव्हती. १९७७ च्या कमोडोर पेटवर तर सुट्या ठिपक्यांची सोयच नव्हती. तिथे चित्र हवं तर अक्षरांतूनच.

३. कमोडोरच्या संचात पत्त्यांची चारही चिन्हं का आहेत?

हा संच मूळचा पेटचा. त्यातली चित्रचिन्हं ठरवण्यात कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल यांचे चिरंजीव लेनर्ड ट्रॅमिएल यांचा मोठा हात होता. घरच्या कॉम्प्युटरवर लोक पत्ते खेळणार हे उघड होतं, म्हणून इस्पिक, बदाम, चौकट, किलवर आले. रेघा आणि कोपरे तक्त्यांसाठी, ठोकळे आलेखांसाठी. पुढे व्हिक-२० आणि कमोडोर ६४ (१९८२) यांनी तोच संच जवळजवळ जसाच्या तसा उचलला.

४. ही मशीन भारतात मिळत होती का?

हो. शाळांसाठीच्या 'क्लास' या सरकारी प्रकल्पात १९८४ पासून बीबीसी मायक्रो आले. स्पेक्ट्रम प्लस परवाना घेऊन डेसिबेल्स कंपनीने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकला. तो आतून ४८ केबीचा स्पेक्ट्रमच असल्यामुळे खालची स्पेक्ट्रमची उत्तरं त्यालाही लागू पडतात.

५. कमोडोरच्या बटणांवर पुढच्या बाजूला दोन-दोन चिन्हं छापली आहेत. ती कशी उमटवायची?

उजवीकडचं चिन्ह शिफ्ट दाबून, डावीकडचं कमोडोरचं बटण दाबून. शिफ्ट आणि एस म्हणजे बदाम, शिफ्ट आणि ए म्हणजे इस्पिक, झेडला चौकट, एक्सला किलवर. उलटं चिन्ह, म्हणजे पार्श्वभूमी आणि रेघ यांची अदलाबदल, हवं असेल तर कंट्रोल आणि ९. परत सरळ व्हायला कंट्रोल आणि ०. उलट चिन्हं संचाचा निम्मा भाग आहेत, त्यांना विसरू नका. प्रश्न ९ मध्ये त्यांच्यावाचून पानही हलत नाही.

६. चित्र व्यवस्थित दिसत होतं, अचानक त्यात इंग्रजी कॅपिटल अक्षरं घुसली. काय झालं?

शिफ्ट आणि कमोडोर ही बटणं एकत्र दाबली गेली. रॉममध्ये (न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) दोन संच आहेत. पहिल्यात कॅपिटल अक्षरं आणि सगळी चित्रचिन्हं, दुसऱ्यात लहान व कॅपिटल अक्षरं आणि उरलेली चिन्हं. दुसऱ्या संचात शिफ्टच्या जागा कॅपिटल अक्षरं घेतात, त्यामुळे पत्त्यांची चिन्हं, गोलाई आणि तिरप्या रेघा जातात. कमोडोर बटणाची चिन्हं मात्र टिकतात.

प्रोग्रॅमच्या सुरुवातीला प्रिंट सीएचआर$(१४२) देऊन पहिला संच लावा आणि लगेच प्रिंट सीएचआर$(८) देऊन अदलाबदल बंद करा. सीएचआर$(९) ने ती पुन्हा सुरू होते. चित्रात लहान अक्षरं हवीच असतील तर फक्त कमोडोर बटणाच्या चिन्हांवर भागवायचं.

७. प्रिंटने बदाम येतो, पण तोच कोड पोक केला (आज्ञेने थेट मेमरीत लिहिला) तर भलतंच चिन्ह येतं. असं का?

कारण कोड दोन आहेत. प्रिंट वापरतो तो पेटस्की कोड. स्क्रीनच्या मेमरीत (१०२४ ते २०२३) बसतो तो स्क्रीन कोड. ए चा पेटस्की कोड ६५, स्क्रीन कोड १. बदामाचा पेटस्की २११ (किंवा ११५), स्क्रीन कोड ८३. रूपांतर असं :

पेटस्की ३२ ते ६३ : तोच आकडा
६४ ते ९५ : ६४ वजा
९६ ते १२७ : ३२ वजा
१६० ते १९१ : ६४ वजा
१९२ ते २५४ : १२८ वजा

उलटं चिन्ह हवं तर आलेल्या आकड्यात १२८ मिळवा. ० ते ३१ आणि १२८ ते १५९ हे रंग आणि कर्सरचे हुकूम, त्यांना स्क्रीन कोड नाही. २५५ हा अपवाद : तो पायचं चिन्ह देतो, स्क्रीन कोड ९४.

पोक करूनही काहीच दिसत नसेल तर रंग तपासा. काही कमोडोर ६४ च्या रॉममध्ये स्क्रीन पुसताना रंगाची मेमरी पार्श्वभूमीच्याच रंगाने भरली जाते, आणि मग निळ्यावर निळं चिन्ह बसतं. स्क्रीनच्या पत्त्यात ५४२७२ मिळवला की त्याच घराचा रंगाचा पत्ता येतो. पोक १०२४,८३ सोबत पोक ५५२९६,१ देण्याची सवयच लावून घ्या.

८. एका ओळीत भुलभुलैया काढणारा तो प्रोग्रॅम कसा चालतो?

१० प्रिंट सीएचआर$(२०५.५+आरएनडी(१)); : गोटो १०

आरएनडी(१) शून्य ते एकच्या मधला अपूर्णांक देतो. बेरीज २०५.५ ते २०६.५ च्या मध्ये पडते. सीएचआर$ अपूर्णांक कापून टाकतो, म्हणजे निम्म्या वेळा २०५, निम्म्या वेळा २०६. ही दोन तिरप्या रेघांची चिन्हं, एक डावीकडून खाली येणारी, दुसरी उजवीकडून. दोन्ही घराच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जात असल्यामुळे शेजारच्या घरांत आपोआप जुळतात. अर्धविराम राहिला तर प्रत्येक चिन्ह नव्या ओळीवर जातं. आणि दुसरा संच लागलेला असेल तर भुलभुलैयाऐवजी नुसते एम आणि एन दिसतात (प्रश्न ६).

९. ठोकळ्यांनी ८० × ५० ची स्क्रीन करता येते म्हणतात. कशी?

घराचे चार चतकोर करायचे. चार चतकोरांचे भरलेले-रिकामे असे १६ प्रकार होतात आणि कमोडोरच्या संचात ते सगळे आहेत, निम्मे सरळ आणि निम्मे उलट. अडचण एवढीच की त्यांच्या आकड्यांना काही क्रम नाही. म्हणून आधी तक्ता भरावा लागतो. वरचा डावा चतकोर १, वरचा उजवा २, खालचा डावा ४, खालचा उजवा ८ असं वजन धरलं, तर ० ते १५ साठी स्क्रीन कोड असे :

३२, १२६, १२४, २२६, १२३, ९७, २५५, २३६, १०८, १२७, २२५, २५१, ९८, २५२, २५४, १६०

एक्स (० ते ७९) आणि वाय (० ते ४९) या ठिकाणी ठिपका द्यायचा तर पत्ता १०२४ + ४० × (वाय भागिले २ चा पूर्णांक) + (एक्स भागिले २ चा पूर्णांक). त्या पत्त्यावर आधी काय आहे ते पीकने वाचा, तक्त्यात शोधून त्याचं वजन काढा, नव्या चतकोराचं वजन ऑर करा (आधी नसेल तरच मिळवा) आणि मिळालेल्या क्रमांकाचा कोड पोक करा. आधीचं न वाचता थेट पोक केलं तर शेजारचे तीन चतकोर पुसले जातात. या युक्तीत सगळ्यात जास्त चूक इथेच होते. चारही चतकोरांना रंग मात्र एकच.

१०. अवतरणचिन्ह उघडलं की कर्सरची बटणं चालत नाहीत, उलटी चिन्हं उमटतात. मशीन बिघडलं का?

नाही. कमोडोरवर अवतरणात असताना कर्सरची आणि रंगांची बटणं हुकूम न पाळता चिन्हांच्या रूपाने मजकुरात साठवली जातात, आणि प्रिंट होताना अंमलात येतात. उलटा बदाम म्हणजे स्क्रीन पुसा, उलटा एस म्हणजे कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात, उलटा क्यू म्हणजे एक घर खाली. मासिकांतल्या लिस्टिंगमध्ये दिसणारी ही चिन्हं चित्राचा भाग समजून टाइप केली की सगळं चित्र विस्कटतं.

बाहेर पडायचं तर दुसरं अवतरणचिन्ह द्या, किंवा शिफ्ट आणि रिटर्न दाबा. नुसत्या रिटर्नने ती अर्धवट ओळ प्रोग्रॅममध्ये जाते. इन्सर्ट दाबून जागा केली असेल तर तेवढ्या घरांपुरतंही असंच वागणं असतं.

११. कमोडोर ६४ वर स्वतःचं चिन्ह कसं बनवायचं?

रॉममधला संच रॅममध्ये उतरवून. प्रत्येक चिन्ह आठ बाइटांचं, एका संचात २५६ चिन्हं, म्हणजे २०४८ बाइट. क्रम चुकवू नका :

पोक ५२,४८ : पोक ५६,४८ : सीएलआर (१२२८८ पासून वरची मेमरी बेसिकपासून राखली)
पोक ५६३३४,पीक(५६३३४) अँड २५४ (इंटरप्ट, म्हणजे कीबोर्ड वगैरे सांभाळणारं मधलं काम, बंद)
पोक १,पीक(१) अँड २५१ (अक्षरांचा रॉम समोर आणला)
फॉर आय=० टू २०४७ : पोक १२२८८+आय,पीक(५३२४८+आय) : नेक्स्ट
पोक १,पीक(१) ऑर ४
पोक ५६३३४,पीक(५६३३४) ऑर १
पोक ५३२७२,(पीक(५३२७२) अँड २४०)+१२

हे सगळं प्रोग्रॅममध्ये लिहून चालवा, एकेक ओळ थेट देऊ नका. इंटरप्ट बंद झाला की कीबोर्ड मेलेला असतो, पुढची ओळ टाइपच होणार नाही. प्रत उतरेपर्यंत मशीन काही काळ गप्प बसतं, तेव्हा घाई करून बंद करू नका. इंटरप्ट बंद करायची ओळ गाळली तर मशीन अडकतंच : अक्षरांचा रॉम समोर आला की त्याच पत्त्यांवरचे इनपुट-आउटपुटचे चिप झाकले जातात आणि इंटरप्टच्या कामाला नेमके तेच लागतात.

आता स्क्रीन कोड एन चं चिन्ह १२२८८ + ८ × एन पासून आठ बाइटांत आहे. @ चा कोड ०, म्हणून १२२८८ ते १२२९५ बदला. कर्सर त्यावर लुकलुकताना जुनं @ डोकावतं, कारण उलटं चिन्ह (एन + १२८) वेगळं साठवलेलं असतं. तिथे प्रत्येक बाइट २५५ मधून वजा करून भरा.

रन/स्टॉप आणि रिस्टोअर दाबलं की मूळ संच परत येतो, पण तुमची माहिती मेमरीत तशीच राहते. शेवटची पोक पुन्हा दिली की काम झालं.

१२. संच ४०९६ वर ठेवला तर रॉमचीच अक्षरं दिसतात. का?

४०९६ ते ८१९१ या पट्ट्यात स्क्रीनचं चित्र तयार करणाऱ्या व्हिक चिपला रॅम दिसतच नाही, अक्षरांचा रॉम दिसतो. प्रोसेसरला तिथे तुमचे बाइट दिसतात, म्हणून पीक बरोबर उत्तर देतो आणि गोंधळ वाढतो. जागा बदला, १२२८८ सोयीची आहे.

१३. स्पेक्ट्रमवर ठोकळे कसे काढायचे?

कॅप्स शिफ्ट आणि ९ दाबा, कर्सर जी होतो. मग १ ते ८ ही बटणं ठोकळे देतात. कॅप्स शिफ्टसह त्यांचे उलट. पुन्हा ९ दाबलं की बाहेर.

कोड १२८ ते १४३, आणि इथे क्रम झकास आहे : १२८ मध्ये वरच्या उजव्या चतकोरासाठी १, वरच्या डाव्यासाठी २, खालच्या उजव्यासाठी ४, खालच्या डाव्यासाठी ८ मिळवायचे. प्रश्न ९ सारखा तक्ता लागत नाही. फक्त डावं-उजवं कमोडोरच्या तक्त्यापेक्षा उलट आहे, तिथला प्रोग्रॅम इथे आणताना चित्र आरशातलं दिसू लागलं तर कारण हेच.

१४. स्पेक्ट्रमवर स्वतःचं चिन्ह?

कमोडोरच्या मानाने हे खूपच सोपं. ए ते यू अशी २१ घरं त्यासाठीच राखलेली आहेत, कोड १४४ ते १६४. सुरुवातीला त्यांत त्याच अक्षरांची प्रत असते. उदाहरण म्हणून मराठी 'प' :

१० फॉर एन=० टू ७ : रीड डी : पोक यूएसआर "ए"+एन,डी : नेक्स्ट एन
२० डेटा ०,२५५,६६,६६,६६,६२,२,२
३० प्रिंट सीएचआर$ १४४

वरची ओळ रिकामी, दुसरीत पूर्ण शिरोरेघ, मग डावी-उजवी रेघ, ६२ ला डावीकडचं वळण उजव्या दांड्याला मिळतं, शेवटचे दोन २ म्हणजे दांड्याची शेपटी. ठिपके डोळ्यांनी बघत भरायचे असतील तर आकड्याऐवजी बिन ०१००००१० असं लिहा.

४८ केबीच्या मशीनवर पोक हा शब्द अक्षरं जोडून टाइप करायचा नसतो, तो ओ बटणावर अख्खा येतो. यूएसआर एक्स्टेंडेड मोडमध्ये एल वर आणि बिन बी वर आहे. अक्षरं जोडून लिहिलं की चुकीचं प्रश्नचिन्ह लुकलुकतं आणि ओळ स्वीकारली जात नाही.

छापील लिस्टिंगमध्ये ही चिन्हं साध्या ए, बी, सी सारखी दिसतात. प्रिंटमध्ये निरर्थक अक्षरं दिसली तर ती जी कर्सरमध्ये टाइप करायची असण्याची शक्यता दाट.

१५. ४८ केबीवर चालणारा प्रोग्रॅम १२८ केबीच्या स्पेक्ट्रमवर चित्राऐवजी 'प्ले' असा शब्द छापतो. का?

१२८ बेसिकमध्ये कोड १६३ आणि १६४ (टी आणि यू) 'स्पेक्ट्रम' आणि 'प्ले' या नव्या आज्ञांना दिले गेले. तिथे १९ च चिन्हं उरतात. मशीन सुरू करताना मेनूतून ४८ बेसिक निवडा, किंवा ए ते एस एवढ्यावर भागवा.

१६. न्यू दिलं तर माझी चिन्हं जातात का? सेव्ह कशी करू?

न्यूने जात नाहीत, ती राखीव मेमरीत असतात. मशीन बंद केलं की जातात. सेव्ह "चिन्ह" कोड यूएसआर "ए",१६८ (२१ × ८). लोड करताना लोड "" कोड यूएसआर "ए" असं पत्त्यासह द्या. ४८ केबीवर ही जागा ६५३६८ ला आणि १६ केबीवर ३२६०० ला आहे. पत्ता न देता लोड केलं तर दुसऱ्या मशीनवर माहिती भलत्या ठिकाणी जाते.

१७. यावर मराठीत लिहिता येईल का?

येईल, पण २१ चिन्हांत नाही. व्यंजनं, स्वर, मात्रा आणि अर्धी अक्षरं मिळून पूर्ण संच बदलावा लागतो. क्लिअर ६३९९९ देऊन ६४००० पासून ७६८ बाइटांचा (९६ चिन्हं) संच ठेवा. सिस्टीमला पत्ता २५६ ने कमी करून सांगायचा असतो, म्हणजे ६३७४४ : पोक २३६०६,० : पोक २३६०७,२४९. ९६ ही पुरली नाहीत तर दुसरा संच ६४७६८ ला ठेवा आणि प्रिंटच्या मध्ये २३६०७ मध्ये २५२ पोक करा. दुसरा संच संपतो ६५५३५ ला, तेव्हा प्रश्न १४ ची राखीव चिन्हं त्याच्याखाली चिरडली जातात. दोन्ही एकत्र वापरू नका.

आखणीत तीन गोष्टी सांभाळा. शिरोरेघ सगळ्या चिन्हांत एकाच ओळीत आणि आठही ठिपक्यांची, म्हणजे शब्द तुटत नाही. काना स्वतंत्र घर : ०,२५५,२,२,२,२,२,२. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी छापावी लागते. उकाराला आठ ओळींत जागा उरत नाही, तो खालच्या घरात काढा आणि मजकूर एकाआड एक ओळीत ठेवा. प्रिंटला वरच्या २२ ओळीच मिळतात, म्हणून पानावर ११ ओळी होतात. 'क्ष'सारख्या रुंद अक्षराला दोन घरं द्या, एका घरात कोंबलेला 'क्ष' कुणालाही वाचता येत नाही. पुढे पीसीवर हे काम सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने केलं, पण तिथे त्यासाठी वेगळं हार्डवेअर होतं.

१८. स्पेक्ट्रमवर दोन चित्रं जवळ आली की रंग एकमेकांत घुसतो. उपाय?

प्रत्येक घरात एक शाईचा आणि एक कागदाचा रंग, इतकंच मावतं. तिसरा रंग आला की आधीचा बदलतो. अक्षरचित्रात हा त्रास कमी असतो, कारण चिन्हं घराच्या रेषेतच बसतात. घर पाहून रंगवा, बस्स. कमोडोर ६४ वर घराला एक रंग आणि पार्श्वभूमी सगळ्या स्क्रीनला एकच. तिथे दोन रंगांचा आभास उलट चिन्हांनी आणावा लागतो.

१९. बीबीसीच्या मोड ७ मध्ये रंग बदलला की मधे रिकामं घर का राहतं?

कारण रंगाचा हुकूम स्वतः एक घर अडवतो. मोड ७ ची चित्रं टेलिटेक्स्टच्या (टीव्हीवर मजकुराची पानं दाखवणाऱ्या सेवेच्या) एसएए५०५० चिपकडून येतात आणि सगळे हुकूम ओळीतच लिहायचे असतात. १४५ ते १५१ चित्रांचे रंग (लाल, हिरवा, पिवळा, निळा, किरमिजी, आकाशी, पांढरा), १२९ ते १३५ अक्षरांचे. व्हीडीयू (कोड थेट स्क्रीनला धाडणारी आज्ञा) १४५,२५५,२५५ दिलं की एक रिकामं घर आणि दोन लाल ठोकळे येतात. प्रत्येक नवी ओळ पांढऱ्या अक्षरांवर परत येते, म्हणून रंग दर ओळीला द्यावा लागतो. चित्रकाराची पहिली चूक हमखास हीच.

घराचे इथे सहा भाग, दोन रुंद आणि तीन उंच. कोड = १६० + वरचे दोन १, २; मधले दोन ४, ८; खालचे दोन १६, ६४. ३२ मुद्दाम वगळला आहे, तो आधीच १६० मध्ये आहे.

रिकामी घरं झाकायची तर ओळीत आधी १५८ द्या : मग हुकुमाच्या घरात आधीचं चित्रचिन्ह पुन्हा दिसतं. बंद करायला १५९. चित्राच्या रंगात असतानाही कॅपिटल अक्षरं अक्षरंच राहतात, चित्रात छोटं लेबल टाकायला ही सोय छान आहे.

२०. मोड ७ मध्ये दुप्पट उंचीचं अक्षर अर्धंच दिसतं.

१४१ ने सुरू होणारी तीच ओळ लागोपाठ दोनदा छापा. पहिली वरचा अर्धा भाग दाखवते, दुसरी खालचा. स्क्रीन वर सरकून पहिली ओळ गेली की चिप दुसरीलाच पहिली समजते आणि पुन्हा वरचा अर्धा भाग दिसतो.

२१. एम्युलेटरवर कमोडोरचं बटण किंवा कॅप्स शिफ्ट कुठे आहे?

व्हाइसमध्ये (आजच्या कॉम्प्युटरवर कमोडोरची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये) नेहमीच्या मांडणीत कमोडोरचं बटण म्हणजे डावं कंट्रोल, आणि कमोडोरचं कंट्रोल म्हणजे टॅब. स्पेक्ट्रमच्या फ्यूज एम्युलेटरमध्ये कॅप्स शिफ्ट म्हणजे शिफ्ट, सिम्बॉल शिफ्ट म्हणजे कंट्रोल. त्यामुळे प्रश्न १३ मधला जी कर्सर शिफ्ट आणि ९ ने येतो.

२२. ही चिन्हं आजच्या कॉम्प्युटरवर कॉपी करता येतात का? मला चौकोन दिसतात.

पत्त्यांची चिन्हं, चतकोर ठोकळे आणि साध्या रेघा युनिकोडमध्ये आधीपासून होत्या. मोड ७ चे सहा भागांचे ठोकळे आणि कमोडोरची बरीच उरलेली चिन्हं २०२० साली युनिकोड १३ मध्ये आली. चौकोन दिसतात म्हणजे तुमच्या फॉन्टमध्ये ती नाहीत, फॉन्ट बदला. चिन्हं दिसतात पण ओळींमध्ये फट पडते, तर ओळींमधलं अंतर फॉन्टच्या उंचीएवढंच करा आणि सगळ्या अक्षरांची रुंदी समान असलेला फॉन्ट घ्या. उलट चिन्हं बहुतांशी वेगळी मिळत नाहीत, त्यासाठी अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा रंग अदलाबदल करावा लागतो. स्पेक्ट्रमवर किंवा कमोडोरवर स्वतः बनवलेली चिन्हं मात्र मजकूर म्हणून कुठेच जाणार नाहीत, त्यांचा स्क्रीनशॉटच काढा.